तीन मजली पार्किंग आणि शेजारचा बोअर

मे महिन्यात पुण्यात आम्हा भूजलवाल्यांना एकच प्रश्न असतो: बोअर आटला, नवा कुठे घेऊ? बावधनच्या त्या सोसायटीचा फोनही त्यासाठीच होता.

सेक्रेटरी काकांनी आधी टँकरची बिलं पुढे केली, मग मला गच्चीवर नेलं. कुंपणापलीकडे नव्या टॉवरचा खड्डा होता, तीन मजली पार्किंगसाठी पस्तीस-चाळीस फूट खोल. त्यातलं पाणी दोन पंप उपसून थेट नाल्यात सोडत होते. "आम्ही दहा हजार लिटरचा टँकर विकत घेतो, आणि हे बघा मॅडम!"

साइट इंजिनिअर भला निघाला, त्याने खाली उतरू दिलं. वर मुरूम, त्याखाली फुटका मांजऱ्या खडक, म्हणजे बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट, मग वीतभर तांबडा थर आणि तळाशी अखंड काळा पाषाण. पाणी नेमकं तांबड्या थराच्या डोक्यावरून पाझरत होतं. आपल्या या खडकात उपसण्याजोगं पाणी असतंच किती? घनफळाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. "पण त्यांचा बोअर दोनशे फूट आहे, आमचा काय संबंध?" इंजिनिअरने विचारलं. प्रश्न रास्त होता. बोअर कितीही खोल नेला तरी त्यात पाणी येतं ते फटींतून, आणि इथे फटी होत्या वरच्याच थरात. पण हे तोंडी सांगून कोण ऐकतं?

वार गुरुवार होता. दुरुस्तीसाठी वीज गेली आणि साइटचा जनरेटर काही चालू होईना. मी सोसायटीच्या बोअरमध्ये टेप सोडून बसले; टेप पाण्याला टेकली की बीप वाजतो. तासाभरात पातळी हातभर वर आली. बोअरचा पंप आठवडाभर बंदच होता, त्यामुळे ही वाढ त्याच्या विश्रांतीची नव्हती. दुपारी जनरेटर सुरू झाला आणि बीप पुन्हा खाली सरकू लागला. इंजिनिअर शेजारी उभा राहून आकडे स्वतःच्या डायरीत उतरवत होता.

पाया भरेपर्यंत उपशाचं पाणी सोसायटीच्या टाकीत सोडायचं ठरलं, बाग आणि फ्लशसाठी. पुढचं कठीण आहे. तळघराच्या काँक्रीटच्या भिंती त्या थराला आडव्या येणार, आणि पाझर राहिला तर तळघरातला पंप कायमचा चालणार. बांधकाम परवानगीच्या फायलीत पार्किंगची संख्या असते, झाडं असतात, पाऊसपाण्याचा शोषखड्डाही असतो. शेजारच्या पाण्याचं काय होईल, हा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

खरं तर माहिती आधीच काढलेली असते. पायाची ताकद तपासायला जमिनीत भोकं पाडतात, त्या अहवालात पाणी किती खोलीवर लागलं तेही लिहितात. मी इंजिनिअरकडे तो मागितला. पाण्याची खोली त्यात व्यवस्थित नोंदलेली होती, खोदाई सुरू होण्याच्या कितीतरी आधीची. ते पान झेरॉक्स करून मी या सगळ्याबद्दल लिहिलेल्या माझ्या पत्राला जोडलं आणि एक प्रत काकांना दिली.