डार्कर दॅन अँबर: शेवटची मारामारी अखेर जुळली

मंडळी, जुळलं! 'डार्कर दॅन अँबर' या इंग्रजी चित्रपटाला मी मराठी सबटायटल्स देतोय, आणि त्यातल्या शेवटच्या हाणामारीनंतरचं पहिलं वाक्य आता ओठ हलताक्षणी पडद्यावर उमटतं.

मागच्या नोंदीत गाडी इथेच अडली होती. माझी मराठी सबटायटल्स सेकंदाला २५ फ्रेमच्या टीव्ही-प्रतीवर बेतलेली, नवी अखंड (न कापलेली) प्रत २३.९७६ ची. म्हणजे तासाला अडीच मिनिटांहून जास्त फरक. तेवढा 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलून एका फटक्यात निघतो. पण टीव्ही-प्रतीत मारामारी जागोजागी छाटलेली, त्यामुळे प्रत्येक कापानंतरच्या ओळी आणखी आधी येतात. त्याच सॉफ्टवेअरमधली 'पॉइंट सिंक' सोय दोन टोकांमधला फरक सारखा वाटून टाकतो. इथे तो पायरीपायरीने वाढतो. आणि संवाद धरून काप शोधावेत, तर नायक रॉड टेलर आणि खलनायक विल्यम स्मिथ एकदा भिडले की बोलतंय कोण?

मग सुचलं, संवाद सोडून ठोसेच धरावेत. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टीव्ही-प्रतीच्या आवाजाचा वेग कमी करून तो अखंड प्रतीच्या आवाजाखाली ठेवला. ठोसा, आदळआपट, सगळं आलेखात सुळक्यासारखं उभं राहतं. वरचा सुळका खाली दिसला नाही की काप सापडला! फाईलचे तिथे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा वेगळा सरकवला. सुरुवातीला पुलावरून मुलीला पाण्यात फेकतात, तो धपकन आवाज माझी पहिली खूण.

ही मारामारी अखंडच पाहावी. दोघांनी खरेखुरे ठोसे हाणले असं स्मिथ सांगत असे, आणि ते पटतं. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउजने ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'च्या तीन वर्षं आधी, १९७० मध्ये हे केलंय, तरी ब्रूस लीचे चाहतेसुद्धा याचं नाव काढत नाहीत. थिओडोर बिकेलने केलेला नायकाचा मित्र मायर तर मूळ कादंबरीकार जॉन डी. मॅकडोनाल्डच्या पानांतून थेट उठून आलेला वाटतो.

सबटायटल्सचा फॉन्ट 'मुक्ता'च ठेवतोय. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेचं काम आहे. लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ वाचता येतात.

पुढे याच नायकावरचा, सॅम इलियटचा १९८३ चा 'ट्रॅव्हिस मॅक्गी' घेणार होतो, तो आता थांबेल. लिहिता लिहिता वाटतंय, मधल्या भागातही दारं आणि बोटीची इंजिनं धरून सगळ्या खुणा पुन्हा तपासाव्यात. सूझी केंडलच्या दुहेरी भूमिकेतल्या दुसऱ्या मुलीच्या प्रवेशांपासून सुरू करतो. तिथे दोन ओळी अजून किंचित आधी येतात.