मुहूर्त नंतर, आधी ऊन

‘मुलीचं लग्न ठरलंय, रुखवताला कधीपासून बसायचं?’ हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. कुणाचा साखरपुडा झाला की आठवडाभरात फोन येतो. नागपुरातल्या महाल भागातल्या मावशी विचारतात, प्रतापनगरातल्या सुनाबाई विचारतात, पुण्याला गेलेल्या भाच्याही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

लग्नाच्या तारखेपासून उलटं मोजत बसू नका. आपण नागपुरात राहतो. इथलं ऊन आणि इथली थंडी कधी काय करू देते ते बघा, आणि मुहूर्त कधीचाही असो, तो जिन्नस त्या-त्या दिवसांत करून ठेवा. मे महिन्यात जे होतं ते ऑक्टोबरात होत नाही, आणि जानेवारीत जे जमतं ते मे महिन्यात कितीही हात चालवले तरी जमत नाही.

कुरोड्यांपासूनच, म्हणजे गव्हाच्या कुरडयांपासूनच सुरुवात करते, कारण रुखवतात त्या नसल्या तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका मांडवात तसं बोलून दाखवतात. होळी झाली की गहू निवडायला घ्यायचे. इतवारीच्या बाजारातून एकदम आणलेले असले तर उत्तम, एकाच प्रतीचे मिळतात. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. एप्रिल-मे मध्ये मी सकाळ-संध्याकाळ बदलायला सांगते, कारण आपल्याकडच्या उकाड्यात भिजल्या गव्हाला लवकर वास धरतो. दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. मग वाटायचं, फडक्यातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. सकाळी वर आलेलं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट चीक मिळतो. उरलेला चोथा फेकू नका, त्यात तिखट-मीठ आणि तीळ घालून वड्या घाला.

चीक शिजवायचा तो पहाटे. चिकाच्या बरोबरीनं पाणी, चिक फार घट्ट असेल तर थोडं जास्त. पाण्यात मीठ आणि हिंग घालून उकळी आणायची, एकीनं धार धरायची, दुसरीनं लाटण्यानं घोटत राहायचं. एकटीनं हे होत नाही. धार थांबली किंवा हात थांबला की गाठी झाल्याच. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा होतो, त्याला चकाकी येते, लाटण्याला धरून वर उचलला जातो. तेव्हा झाकण घालून एक वाफ द्यायची. या वेळी घरातली पोरं वाट्या घेऊन हजर असतातच. त्यांना गरम चीक तेल घालून द्या, दूध-साखर घालून द्या, पण द्या. त्या वाटीसाठी मुलं पहाटे उठतात आणि मग दिवसभर गच्चीवर राखण करतात.

सोऱ्यातून कुरोड्या सात-साडेसातपर्यंत पडून व्हाव्यात. धुतलेल्या सुती लुगड्यावर घातल्या तर संध्याकाळी मागून पाण्याचा हात फिरवला की सुटतात. प्लास्टिकवर आपोआप सुटतात, पण खालून घाम धरतो, म्हणून मला लुगडंच आवडतं. वरची बाजू कडक झाली की उलटायच्या. 44-45 अंशांच्या उन्हात दोन दिवसांत अशा खणखणीत वाळतात की डब्यात टाकताना वाजतात. नीट वाळलेली कुरोडी वर्षभर सहज टिकते, म्हणून लग्न मार्गशीर्षात असलं तरी ती आधीच्या वैशाखातच करायची. ढगाळ हवेत वाळवली तर आतून आंबूस होते, तळताना फुलत नाही. दुपारी तीन-चारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवा. अवकाळीची वावटळ आली तर वाळवणात माती जाते आणि ती निघत नाही.

पापड आणि शेवयांना मात्र हे ऊन नको. पापड कडक उन्हात वाकडे होतात, चिरतात. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी सुकवून शेवटी थोडा वेळ ऊन दाखवायचं. मुगवड्यांना ऊन हवं, खारोड्यांनाही हवं.

आता सरगुंडे. यांच्याबद्दल मला आपल्याच मुलींना समजावून सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. हा आपल्या विदर्भाचा जिन्नस आहे, लग्नघरी केला जाणारा, आणि आज कितीतरी लग्नांत दिसतच नाही. बारीक रवा आणि थोडी कणीक घट्ट भिजवून काही तास ठेवायची, मग तेलाच्या हातानं कुटून-मळून इतकी मऊ करायची की ओढली तर तुटू नये. एक गोळी घेऊन तिची शेवईपेक्षा जाड दोरी ओढायची आणि स्वच्छ काडीवर पिळापिळानं गुंडाळायची, पीळ एकमेकांना चिकटून बसतील असे. काडी पाटावर हलक्या हातानं एकदा फिरवली की पीळ जुळतात, मग सरगुंडा काडीवरून सरकवून काढायचा. आतून पोकळ, बाहेरून वळ्या-वळ्यांचा. काडीसाठी विणायची सुई चालते. पहिले थोडे तुटतील, बोटांना अंदाज आला की झरझर होतात. सावलीत वाळवले की डब्यात राहतात. करायचे तेव्हा उकडायचे आणि तूप घालून आमरसासोबत वाढायचे. व्याह्यांच्या पंगतीत नुसत्या पुरीबरोबर रस वाढण्यापेक्षा सरगुंड्यांबरोबर वाढा. त्या वळ्यांमध्ये रस जाऊन बसतो आणि प्रत्येक घासाला लागतो. एक परात भरायला चार-पाच जणी हव्यात आणि दुपार हवी, म्हणून पाहुण्या यायला लागल्या की करायला घ्या. लग्नघरात रिकामे हात भरपूर असतात, त्यांना काम नसतं.

पावसाळ्यात वाळवण बंद. या दिवसांत लग्नं नसतात, पण भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी येतात आणि त्यांचा फुलोरा हातानं करायचा असतो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. फुलोरा पूजनाच्या दिवशी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगलेला हवा. करंजी, पुरी, वेणी, फणी, आरसा असे तळलेले जिन्नस दोऱ्यानं बांधायचे. हवा इतकी दमट असते की मऊ पडलं की दोरा कापून खाली येतं. म्हणून पीठ घट्ट भिजवा, मंद आचेवर आतपर्यंत तळा आणि ओवायचं भोक तळण्याआधीच पाडून ठेवा. तळून झाल्यावर पाडायला गेलात तर तुटतं. वेणी करताना तीन दोऱ्या गुंफून टोकं पाण्यानं चिकटवा. ज्या मुलीनं दोन-तीन वर्षं फुलोरा केला असेल तिला रुखवतातल्या करंज्यांच्या मुरडी शिकवाव्या लागत नाहीत. त्याच महिन्यात तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन पोरांनी साजरा करायचा. लाकडी बैलाची झूल घरच्या जुन्या काठापदराची शिवा, शिंगांना बेगड लावा. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला निघालेल्या पोराचा बैल आजीनं सजवलेला असला की तो पोर बैल खाली ठेवायला तयार होत नाही.

अनारशांचं पीठ दिवाळीच्या आधी करून ठेवायचं, आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच असेल तर त्याच वेळी जास्तीचं करायचं. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग उपसून सावलीत पसरा, पण कोरडे होऊ देऊ नका; हाताला ओलसर लागले पाहिजेत, नाहीतर गूळ धरत नाही. दळून, चाळून, पिठाच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीनं गूळ आणि थोडं तूप घालून गोळे करून डब्यात दाबून ठेवा. आठवडाभरात पीठ मुरतं. थापताना खसखस खाली, तळताना खसखस वर, आणि उलटायचा नाही, झाऱ्यानं वर तूप उडवायचं. अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून विरला, तर पिठात थोडी तांदळाची कोरडी पिठी मिसळा. कडक झाला तर दुधाचा हात लावा किंवा पिकलं केळं घाला. एकच अनारसा आधी तळून बघायची सवय ठेवा, सगळं पीठ हाती राहतं.

अधिक महिन्यात जावयाला 33 अनारसे द्यायची रीत आपल्याकडे अजून पाळतात. 2023 साली श्रावण अधिक होता, 2026 साली ज्येष्ठ अधिक, 17 मे ते 15 जून. त्या दिवसांत लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे हात मोकळे. पण उन्हाळ्यात तांदळाचं पाणी दिवसातून दोनदा बदला.

थंडीतला जिन्नस म्हणजे हलवा. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालतात, बाळाच्या बोरन्हाणालाही तेच. ते विकत आणू नका असं मी आग्रहानं सांगते, कारण नागपूरची थंडी यासाठीच आहे. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर आला होता. दरवर्षी इतकं होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा थंड आणि कोरडी असते, आणि काटा येतो तो याच हवेत. दमट हवेत दाणा गुळगुळीत राहतो. साबुदाणा, तीळ, खसखस किंवा लवंग परातीत घ्यायची, खाली अगदी मंद आच. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी काढून टाकायची. मग पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. एका दाण्याला दुसरा चिकटला की तो वेगळा करायचा, पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली, पाक जास्त पडला, तर काटे विरघळतात. एका बैठकीत होत नाही. तीन-चार पहाटे रोज थोडं थोडं करायचं. तिसऱ्या पहाटे बोटांना टोचायला लागतं, तेव्हा समजायचं की जमतंय.

दागिने ओवताना बांगड्या आणि बिंदी आधी करा, हार शेवटी, कारण हाराला लागणारे एकसारखे दाणे निवडायला वेळ लागतो. जावयाचा नारळ, हार आणि घड्याळही करा, हौसेनं घालतात. मुंग्यांसाठी डब्याभोवती हळदीची रेघ ओढा.

शोभेच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. कडधान्याचं तुळशीवृंदावन, सुपारीचं नवरा-नवरीचं जोडपं, सप्तपदीच्या सात पुड्या, हातानं रंगवलेला अंतरपाट, हे सगळं पावसाळा सोडून कधीही होतं. पावसाळ्यात गोंद सुकत नाही आणि डाळींना कीड धरते. डाळी चिकटवण्याआधी मेच्या उन्हात दोन दिवस तापवून घ्या. अंतरपाट मात्र नवरीच्या भावंडांकडून रंगवून घ्या, रेघ वाकडी आली तरी चालेल. कापड गांधीबागेच्या बाजारात हवं तसं मिळतं.

आणि ज्यांचा पुढचा प्रश्न असतो की, ‘लग्न कार्तिकात ठरलं, मे तर निघून गेला, आता?’ त्यांना सांगते: आता कुरोड्या करू नका, ऑक्टोबरचं ऊन त्यांना पुरत नाही. ज्या काकूंच्या डब्यात गेल्या उन्हाळ्यातल्या असतील त्यांच्याकडून मागून घ्या आणि पुढच्या वैशाखात त्यांना दुप्पट करून द्या. उडदाचे पापड एखाद्या बचत गटाकडून आणा, ते चांगले करतात. तुम्ही अनारशांचं पीठ भिजवा, सरगुंड्यांना चार जणी जमवा, सुपाऱ्या निवडायला बसा. हलव्याचे दागिने राहिले तरी काळजी नको, ते लग्नानंतरच लागतात. डिसेंबर उजाडला की साखर आणि साबुदाणा आणून ठेवा.