हॅम्बुर्गची मोडाची मटकी आणि 2011 ची मेथी

इथे हॅम्बुर्गला हिवाळ्यात मटकीला मोड आणायचे म्हणजे एक उद्योगच. फडक्यात बांधून चाळणीत ठेवायची आणि चाळणी हीटरजवळ स्टुलावर, पण अगदी चिकटून नाही, नाहीतर फडकं सुकतं आणि मोड खुंटतात. इंडियन दुकानातली मटकी जुनी निघाली तर त्यात गणंग किती निघतात ते विचारूच नका.

पण इथल्या लोकांसमोर कच्चे मोड सॅलडमध्ये घातले की काहीजण अजून दचकतात, आणि त्याला कारण आहे. 2011 च्या मे-जूनमध्ये उत्तर जर्मनीत ई-कोलाय नावाच्या पोटाच्या जंतूची भयंकर साथ आली होती, हॅम्बुर्गची हॉस्पिटलं भरून गेली, जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले, कित्येकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पन्नासच्या वर माणसं गेली. आधी आळ आला स्पेनच्या काकड्यांवर, बिचाऱ्या शेतकऱ्यांचा माल फुकट गेला, आणि शेवटी सापडलं काय तर जर्मनीतल्याच लोअर सॅक्सनी राज्यातल्या एका फार्मवरचे मोड आणि त्याचं मूळ बहुतेक इजिप्तहून आलेले मेथीचे दाणे. मेथी हो, आपली मेथी! त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्डोजवळही लोक आजारी पडले, तिथेही मेथीच.

गोम अशी आहे की जंतू दाण्यावरच असतात, सालीच्या बारीक भेगांमध्ये, त्यामुळे कितीही धुतलं तरी सगळे जात नाहीत, आणि मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच त्यांनाही हवी असते, एकदोन दिवसांत ते प्रचंड वाढतात. वास येत नाही, चिकट लागत नाही, दिसायला मोड एकदम झकास. आई फोनवर म्हणते, अगं मी लिंबू पिळते की वरून! लिंबाने चव येते, जंतू मरत नाहीत. उसळ खा, मिसळ खा, रटरटून शिजवलं की प्रश्न नाही. कच्चे मूग वाटीभर डाएट म्हणून खाणं मला तरी पटत नाही, आणि गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी तर नकोच.

राजम्याचं वेगळंच. त्यात मुळातच एक विषारी प्रोटीन असतं, चारपाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या होऊ शकतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि कुकरला लावायचा. इथे स्लो कुकरचं फॅड आहे, त्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, मंद आचेवर ते विष कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं.

उरलेली उसळ दोन तासांत फ्रिजमध्ये, पसरट डब्यात, म्हणजे लवकर गार होते, तीनचार दिवसांत संपवायची. सकाळी परत उकळू म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवायची नाही, काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. आणि हिवाळ्यात पातेलं बाल्कनीत ठेवायची इथल्या आपल्या लोकांची आयडिया तर मला अजिबात मान्य नाही, दुपारी ऊन आलं की तिथे किती डिग्री होतं ते कोण बघतंय?