चॅलेंजर बेसबॉल, मानेचा एक्सरे आणि एक ओळ

आमच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे आणि यंदा तो चॅलेंजर बेसबॉलच्या लीगमध्ये खेळला. आधीच सांगते, लीगबद्दल माझी काही तक्रार नाही. जी चिडचिड आहे ती आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडच्या फ्रंट डेस्कवर आहे आणि सीझन संपला तरी ती डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतेय. इथे अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला खेळायला घालायचं कोणा मराठी आईबापाच्या मनात असेल तर निदान ते तरी मी अडकले तिथे अडकायला नकोत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिटल लीगची चॅलेंजर डिव्हिजन म्हणून एक शाखा आहे, १९८९ पासून आहे, शारीरिक किंवा बौद्धिक अडचणी असलेल्या ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी, हायस्कूलात असेल तर २२ पर्यंत चालतं. १५ च्या पुढच्यांसाठी सीनियर चॅलेंजर आहे, त्याला वरची वयाची अटच नाही. मिरॅकल लीग ही वेगळी संस्था, जॉर्जियातल्या कॉनयर्स गावात १९९८ ला सुरू झाली, आणि २००० साली त्यांनी तिथे रबराचं सपाट मैदान केलं कारण मातीत व्हीलचेअर आणि वॉकर चालवणं म्हणजे शिक्षाच. बेससुद्धा, म्हणजे रन काढताना एकामागून एक गाठायचे ते चार टप्पे, उंच नसतात, सपाट असतात. खेळ दोन्हीकडे साधारण एकाच धाटणीचा. प्रत्येक जण बॅटिंग करणार, बॉल टाकून नाही जमलं तर टी वर, म्हणजे छोट्या खांबावर, ठेवून मारायचा, सोबत धावायला बडी म्हणजे मदतनीस जोडीदार असतो, आणि जिंकणं हरणं नाही. मिरॅकल लीगमध्ये तर कोणी आउटच होत नाही आणि इनिंगच्या शेवटच्या बॅटरला होम रन, म्हणजे एका फटक्यात सगळे बेस फिरून येणं, ठरलेलीच.

माझे सासरे पुण्याहून आले होते, क्रिकेटवेडे, त्यांना हे काही पटेना. आउट नाही मग खेळायचं कशाला म्हणे. त्यांनी स्वतःच वहीत स्कोअर लिहायला घेतला. पण आमच्याकडेही प्रत्येक जण सगळे बेस फिरून होम बेसवर येईपर्यंत इनिंग संपत नाही, त्यामुळे जेवढी मुलं आली तेवढे रन, दोन्ही टीमचे, दर इनिंगला. म्हणजे स्कोअर लिहिलाय की हजेरी घेतलीय तेच कळेना, मग वही बंद झाली.

तर रजिस्ट्रेशन. ऑनलाइन आहे, जन्मदाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी लाइट बिलं वगैरे गोळा करत बसू नका, शाळेकडून एनरोलमेंटचा फॉर्म सही करून आणला की आमच्याकडे तेवढ्यावर भागलं. नवऱ्याला मदतीला जायचं होतं, त्याची बॅकग्राउंड चेक आणि मुलांच्या सुरक्षेचं ऑनलाइन ट्रेनिंग, हे सगळं सुरळीत झालं. आणि मग मेडिकल फॉर्म.

हा आमच्या इथल्या लीगचा स्वतःचा फॉर्म आहे, सगळीकडे मागतातच असं नाही. त्यात डाउन सिंड्रोमवाल्या मुलांसाठी वेगळा चौकोन होता, मानेचा एक्सरे कधी काढला, रिझल्ट काय, खाली डॉक्टरांची सही. आता हे उगाच विचारतात असंही नाही. या मुलांचे लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल असतात त्यामुळे मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके जास्त हलू शकतात, आणि थोड्या मुलांमध्ये त्याचा दाब मज्जारज्जूवर येऊ शकतो. अटलांटोअ‍ॅक्शियल इन्स्टॅबिलिटी म्हणतात त्याला. हे नाव मी फोनवर इतक्यांदा सांगितलंय की आमच्या थोरलीला न विचारता पाठ झालंय.

पण अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ पासूनच सांगितलंय की लक्षणं नसतील तर रुटीन म्हणून एक्सरे काढू नका, कारण आज एक्सरे चांगला आला म्हणून पुढे त्रास होणार नाही याची काही खात्री नसते. त्यापेक्षा लक्ष ठेवा म्हणतात, चालण्यात फरक पडतोय का, मान दुखतेय किंवा एका बाजूला कलतेय का, हातापायातली ताकद कमी होतेय का, शी-शूवरचा ताबा जातोय का. म्हणजे लीगचा फॉर्म जुन्या काळातला, डॉक्टर नव्या नियमाने चालणारे, आणि मधल्या मधे मी.

डेस्कवर फॉर्म दिला. फॉर्म भरायची फी आधी, आणि सात ते दहा बिझनेस डेज लागतील. ठीक आहे म्हटलं. फॉर्म आला तर उंची वजन लसी सगळं भरलेलं, खाली झकास सही, आणि तो चौकोन कोरा. लीगच्या साइटवर अपलोड केला, इनकम्प्लीट म्हणून परत. डेस्कला फोन. इंग्लिशसाठी एक दाबा, मग होल्डवरचं ते संगीत, मग एकदाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टरांच्या मते एक्सरेची गरज नाही. मी म्हटलं अहो बरोबरच आहे ते, मला मान्य आहे, मग तेवढंच त्या चौकोनात लिहून द्या ना. तर म्हणे मागच्या फिजिकलच्या, म्हणजे वार्षिक तपासणीच्या, नोट्समध्ये मानेबद्दल काही नाही त्यामुळे लिहायचं तर नवीन फिजिकल लागेल. द्या मग अपॉइंटमेंट. तर म्हणे इन्शुरन्स वर्षातून एकच फिजिकल देतं, मागची झाल्याला वर्ष व्हायचंय, त्यामुळे एप्रिल संपताना या. आणि सीझन एप्रिल लागताच सुरू!

मग मी म्हटलं जाऊ दे, एक्सरेच काढून टाकू, आम्ही खिशातून पैसे भरतो. तर त्याला डॉक्टरांची ऑर्डर लागते आणि डॉक्टर ऑर्डर देणार नाहीत कारण गरज नाही. हे त्या बाई अतिशय गोड आवाजात सांगत होत्या. दरवेळी वेगळ्या बाई, दरवेळी पहिल्यापासून जन्मतारीख, दरवेळी तुमचा निरोप डॉक्टरांपर्यंत पोचवते. तो निरोप कुठल्या खणात जाऊन पडायचा देव जाणे. प्रत्यक्ष जाऊन उभी राहिले तर काचेमागून सांगितलं की फॉर्मबद्दलची चौकशी फोनवरच करा.

नवरा म्हणाला सोड आता, पुढच्या वर्षी बघू. त्याचा दोष नाही, तोही दमला होता. पण पोहण्याच्या क्लासला पुढच्या वर्षी बघू, कराट्याला पुढच्या वर्षी बघू, हेच ऐकत पोरगं नऊ वर्षांचं झालं. आणि इथे तर समोरचे लोक या म्हणत होते, फक्त एका चौकोनासाठी अडलं होतं. मी त्या रात्री भांडी इतकी आपटली की थोरली उठून बघायला आली.

सुटलं कसं, तर त्याच लीगमधल्या एका जुन्या आईमुळे. ती म्हणाली तो चौकोन भरायच्या नादी लागूच नकोस, डॉक्टरांच्या लेटरहेडवर वेगळं पत्र घे. त्यात एवढंच हवं की मज्जारज्जूवर दाब असल्याची लक्षणं नाहीत, सध्याच्या नियमाप्रमाणे एक्सरेची गरज नाही, बेसबॉल खेळायला हरकत नाही. आणि डेस्कला सांगूच नकोस, पेशंट पोर्टलवरून, म्हणजे दवाखान्याच्या पेशंटसाठीच्या साइटवरून, थेट डॉक्टरांना मेसेज कर. मी मेसेजमध्ये ते वाक्य तयार लिहूनच पाठवलं, वर मुलगा चालतोय कसा, पायऱ्या चढतोय कसा हेही लिहिलं. डॉक्टरांचं उत्तर त्याच रात्री आलं, दुसऱ्या दिवशी नर्सने बोलावून पाच मिनिटं हात-पाय-मान तपासली आणि पत्र हातात. लीगचा सेफ्टी ऑफिसर म्हणून एक माणूस असतो, त्याला ईमेल केलं, त्याचं ओके लगेच आलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आधी प्रचंड राग आला. एवढंच होतं?

त्यामुळे वार्षिक फिजिकलला जाल तेव्हाच मानेची नोंद करून घ्या, खेळायचं ठरलं असो वा नसो. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये डाउन सिंड्रोम क्लिनिक असतात, तिथले डॉक्टर असली पत्रं नेहमी देतात, जवळ असेल तर तेही बघा. आणि ही काळजी बेसबॉलपुरती नाही, ट्रॅम्पोलिन, जिम्नॅस्टिक्स, डोक्यावर सूर मारणं याला जास्त जपायचं, तेव्हा डॉक्टरांशी एकदा तेही बोलून घ्या.

मैदानावरचं फार लिहीत नाही, ते आपोआप जमतं. बडी आईबाप नसलेलाच बरा, हायस्कूलची मुलं येतात त्यांना शाळेसाठी सर्व्हिस अवर्स, म्हणजे समाजसेवेचे तास, हवे असतात, आणि आमचा मुलगा माझं ऐकत नाही तेवढं त्या लांब केसांच्या पोराचं ऐकतो. नाव माइकवरून मोठ्याने पुकारतात, आवाजाचा त्रास असेल तर हेडफोन न्या, पण हेल्मेटखाली बसतात का ते घरी घालून बघा. हेल्मेटची सवय खरंतर महिनाभर आधीपासून लावायला हवी, आम्ही टीव्ही बघताना घालायला लावायचो. रबराच्या मैदानावर खिळ्यांचे बूट चालत नाहीत, साधे स्पोर्ट्स शूज आणा, आणि जूनमध्ये ते रबर जाम तापतं त्यामुळे सकाळचा स्लॉट मिळाला तर सोडू नका.

हां, ते पत्र वर्षभर चालतं म्हणे. फॉलचं, म्हणजे पानगळीतल्या सीझनचं, रजिस्ट्रेशन उघडलंय, मी उघडल्या उघडल्या अपलोड केलं आणि एक प्रिंट गाडीत ठेवलीय, एक शाळेच्या नर्सकडे, एक फ्रिजवर.