मांजराच्या फोटोत डोळे का फसतात?

मांजराचा फोटो दाखवला की निम्मी माणसं विचारतात, ‘याचं डोकं कुठंय?’ मग दुसरा प्रश्न येतो: कुत्र्याच्या फोटोत असं फारसं होत नाही, मांजराच्याच का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाय, घोडा किंवा आखूड केसांचा कुत्रा पाहा. कोपर कुठे आणि मान कुठे संपते, हे बाहेरून कळतं. जनावराचा आकार आपण या सांध्यांच्या खुणांवरून लावतो. मांजर बसलं की नेमक्या त्याच खुणा गायब होतात. अंगावरची कातडी सैल, पोटाखाली लोंबणारी झालर, वर दाट केस. पाय त्यात दुमडले की उरतो नुसता गोळा. शिवाय कणा इतका लवचिक की पुढचं धड एका दिशेला आणि मागचं दुसऱ्या दिशेला वळू शकतं. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये उलटं सोडलेल्या मांजराची क्षणाक्षणाची छायाचित्रं घेतली, त्यांत हा पीळ स्पष्ट दिसतो. त्यातलं एकच चित्र वेगळं काढलं, तर तोंड आणि शेपटी एकाच प्राण्याची आहेत हे पटायला वेळ लागतो.

समोर बसलेलं मांजर मात्र क्वचितच फसवतं. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यातून खोली कळते. शंका आलीच तर आपण मान जराशी हलवतो. कॅमेरा एका जागेवरून एकाच डोळ्याने बघतो. फोटोत उरतात फक्त कडा आणि सावल्या, आणि सरळ पुढे जाणारी कड मेंदू एकाच वस्तूची धरतो. सोसायटीच्या कठड्यावर दोन करडी मांजरं एकामागे एक बसली आणि पुढच्याची पाठ मागच्याच्या मानेशी जुळली, की फोटोत चार फुटांचं एकच मांजर तयार!

काळ्या मांजराचं तर सगळंच अवघड. गोलाई आपल्याला कळते ती उजेडाकडून सावलीकडे जाणाऱ्या छटांमुळे. काळे केस बहुतेक उजेड गिळतात, म्हणून छटाच उरत नाहीत. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात कडाप्प्याच्या ओट्यावर काळं मांजर बसवून पाहा: दोन पिवळे डोळे आणि एक भोक, एवढंच दिसेल. २०१८ मध्ये जगभर फिरलेला ‘कावळा की मांजर’ हा फोटो असाच होता. त्यातली चोच म्हणजे मांजराचा कान.

पट्टेरी मांजराची तऱ्हा उलटी. तिथे कडा फार होतात. वाशीच्या सिडको इमारतीतली बाल्कनी, सकाळचं तिरपं ऊन, ग्रिलच्या सावल्या अंगावर, त्यात मांजराचे स्वतःचे पट्टे. कुठली रेघ अंगाची आणि कुठली लोखंडाची, हे वेगळं काढता येत नाही.

काही दोष आपल्या फोनचाही. चेंदणी कोळीवाड्यात मासळीच्या पाटीजवळचं मांजर फोन हुंगायला आलं, की नाक लेन्सपासून २० सेंटिमीटरवर आणि कंबर ६० वर. अंतर तिप्पट, म्हणून त्याच मानाने कंबर एक तृतीयांश दिसते. सगळं मांजर म्हणजे डोकंच. तेच मांजर दीड मीटरवर असेल तर हा फरक जेमतेम सव्वापट. पॅनोरामात किंवा नाइट मोडमध्ये निघणारी सहापायी, दोनतोंडी मांजरं मी या हिशेबात धरत नाही. फोन अनेक फ्रेम जोडतो, मधे मांजर हलतं. तो जोडकामातला दोष आहे.

गंमत म्हणून असे फोटो छानच. पण पिल्लाला घर मिळावं किंवा हरवलेली माऊ सापडावी म्हणून फोटो टाकायचा असेल, तर त्यात प्राणी पूर्ण कळलाच पाहिजे. काळ्या पिल्लांसाठी ही मेहनत घ्याच. जमिनीवर बसून फोन त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. दीड मीटर मागे सरका आणि २एक्स झूम वापरा. खिडकी बाजूला असू द्या, मांजराच्या मागे नको. मागे खिडकी आली की नुसती छायाकृती मिळते. फ्लॅश बंद, नाहीतर डोळे चकाकतात आणि अंग सपाट होतं. काळ्या मांजराखाली फिकट चादर अंथरा, स्क्रीनवर त्याच्या अंगाला बोट लावा आणि केसांचा पोत दिसेपर्यंतच उजेड वाढवा. पांढऱ्यासाठी उलट, थोडा कमी करा. निदान एक पुढचा पाय, एक मागचा पाय आणि शेपटीचं मूळ दिसेपर्यंत थांबा.

आणि फोटो एक काढू नका. पहिला काढला की अर्धा फूट डावीकडे सरकून दुसरा काढा. जुळून आलेल्या कडा तेवढ्यानेच सुटतात, आणि चार फुटांच्या मांजराची पुन्हा दोन मांजरं होतात.