आधी घड्याळ, मग हातोडी

आज न्यूरोच्या, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या विभागात, पोस्टिंगला आलेल्या मेडिकलच्या मुलांना पहिला आग्रह हाच केला. 'अंगावरून वारं गेलं' म्हणत पेशंट आणला, की 'कधी झालं?' एवढ्यावर थांबू नका. शेवटचं धडधाकट कुणी, किती वाजता पाहिलं, ते विचारा. पहाटे उठताना हात लुळा दिसला, तर वेळ रात्री झोपल्यापासून धरायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुतेकांना साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याहून सोलापूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. ग्लुकोमीटर लगेच लावा. साखर उतरली तरी हुबेहूब लकवाच दिसतो.

आपल्याकडे घरात तेलुगू, कन्नड बोलणारे पुष्कळ. मराठीत उत्तर आलं नाही म्हणून अफेजिया (मेंदूच्या इजेमुळे भाषा समजणं-बोलणं बिघडणं) लिहून मोकळे होऊ नका. नातेवाइकाला त्यांच्या भाषेत सांगायला लावा: डोळे मिटा, जीभ काढा. पेन दाखवून नाव विचारा. खाणाखुणा मात्र अजिबात नकोत, पेशंट त्या बघूनच करतो.

तळव्यावर हातोडीच्या दांड्याचं टोक ओढून अंगठा वर जातो की खाली, ते बघायची तपासणी घाईत बिघडते. टाचेपासून बाहेरच्या कडेने हळू वर या, मग आत वळा, अंगठ्याच्या बुडाशी पोचण्याआधी थांबा. अंगठ्याची पहिली हालचाल तेवढीच ग्राह्य धरायची. अख्खा पायच ओढून घेतला, तर दाब कमी करून पुन्हा करा.