तेलबदलाची नोंद: ड्रेन बोल्ट आवळताना

चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) ॲल्युमिनियमचा, त्यातलं तेल सोडायचा ड्रेन बोल्ट एम14 (14 मिलिमीटर व्यासाचा), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिलिमीटर, डोकं 17 मिलिमीटरचं. मॅन्युअलमधला टॉर्क (आवळतानाच्या पिळाचा जोर) 39 न्यूटन-मीटर. हा आकडा गाडीगणिक बदलतो, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचा आकडा इथे लावायचा नाही.

तेल कोमट असतानाच सोडलं. धार थांबून थेंब पडू लागल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवलं आणि तेवढ्यात बोल्ट साफ केला. जुना वायसर (बोल्टच्या डोक्याखालची चपटी कडी) बोल्टवर नसेल तर तो चेंबरच्या तोंडाला चिकटलेला असू शकतो. तेलात काळा झालेला वायसर पटकन दिसत नाही, म्हणून नखाने कडा चाचपायची. एकावर एक दोन वायसर बसले की गळतीचा धोका.

गळती अडवतो तो वायसर, आटे नव्हेत. मऊ ॲल्युमिनियम किंवा तांब्याचा वायसर दाबला जाऊन दोन्ही पृष्ठभागांतल्या बारीक खाचा भरतो. एकदा दबलेला वायसर पुन्हा तसा दबत नाही. मग थेंब दिसतो, माणूस आणखी आवळतो आणि आटे जातात. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा यावरचा इलाज नाहीच. टेपचे तुकडे आत गेले तर तेलाच्या जाळीत अडकतात.

बोल्ट, आटे आणि बसण्याची जागा फडक्याने कोरडी पुसली. हे महत्त्वाचं आहे. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर टॉर्कचा आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांत घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

नवा वायसर घालून बोल्ट निव्वळ बोटांनी फिरवला. आधी अर्धा फेरा उलटा, आटा ‘टक’ करून जागेवर पडला की सुलटा. शेवटपर्यंत बोटांनीच जायला हवा. मध्ये अडला तर आटा आडवा पकडलाय. तिथे पाना लावू नये.

पुढे सहा कोनी सॉकेट आणि 10 ते 60 न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच (लावलेला टॉर्क आला की ‘क्लिक’ करणारा पाना). चाकांच्या नटांसाठीचा मोठा रेंच इथे नको, कारण त्याच्या मोजमापाच्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला तो भरवशाचा नसतो. मूठ योग्य जागी धरून सावकाश ओढायचं, पहिल्या क्लिकला थांबायचं. दुसरी क्लिक ‘खात्रीसाठी’ घेऊ नये, बोल्ट आणखी सरकतो.

हाताच्या अंदाजावर विश्वास का नको, ते आकड्यांतच दिसतं. 25 सेंटिमीटरच्या दांड्यावर 39 न्यूटन-मीटरसाठी साधारण 16 किलोचा ओढ लागतो. तेवढाच ओढ 45 सेंटिमीटरच्या दांड्यावर दिला की होतात 70. ॲल्युमिनियमचे आटे हे सोसतीलच असं नाही. आवळताना प्रतिकार वाढण्याऐवजी बोल्ट मऊ फिरू लागला तर तिथेच थांबायचं: आटे सुटताहेत. मग इन्सर्ट (भोकात बसवायचे नवे धातूचे आटे) बसवणं किंवा चेंबर बदलणं. स्वतःच आटे पाडणारा जाड बोल्ट ॲल्युमिनियममध्ये फार काळ टिकत नाही.

शेवटी बोल्टच्या डोक्यापासून चेंबरपर्यंत पेंट मार्करची एक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. तेल भरून इंजिन एक मिनिट चालवलं, बंद करून पाच मिनिटांनी कोरडा टिश्यू बोल्टभोवती फिरवला. कोरडा निघाला. पुढची तपासणी इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर, त्याच टिश्यूने आणि रेघ बघून.